वाटीचे वजन

पेण तालुक्यातल्या हमरापूर-जोहे पट्ट्यात गणपती बारा महिने घडतात. मूर्ती मुंबई-पुण्याकडे रवाना झाल्या, की भाद्रपदात त्याच घरांच्या चुलीवर उकड निघते, आणि तिचे प्रमाण सगळ्यांना पाठ असते: एक वाटी तांदळाची पिठी, एक वाटी पाणी. हेच प्रमाण ग्रॅममध्ये उतरवायला गेले की घोटाळा होतो. दोनशे मिलिलिटरच्या वाटीत पाणी २०० ग्रॅम मावते. पिठी हलक्या हाताने भरली, तर जेमतेम सव्वाशे. मापाने समसमान दिसणारी ही जोडी वजनाने पाचास आठ असते. एखाद्या नवख्या हाताने काट्यावर १२५ ग्रॅम पिठीला १२५ ग्रॅमच पाणी घेतले, तर पाऊण वाटीसुद्धा पाणी पडत नाही. उकड कोरडी राहते, पारीला भेगा जातात, कळ्या पाडताना तुटतात, आणि दोष येतो तांदळाच्या माथी.

तांदळाचा हा गोंधळ सणापुरता नाही, रोजचा आहे. दुकानात आणि रेशनवर तांदूळ किलोने मिळतो, डब्यातून तो वाटीने निघतो. एकाच धान्याचे दोन हिशेब एकाच घरात शेजारी शेजारी चालतात आणि त्यांची गाठ कोणी घालून देत नाही. वाट्या फेकून सगळ्यांनी काटे घ्यावेत, असे मुळीच नाही. वाटी हे स्वयंपाकघराचे उत्तम माप आहे, झटपट आणि हाताशी असलेले. पण रोजच्या वाटीत तांदूळ किती ग्रॅम मावतो, हे ज्या घराला ठाऊक नाही, त्या घराचा महिन्याचा अंदाज, पाहुण्यांचा अंदाज आणि पथ्याचा अंदाज, तिन्ही डळमळीत राहतात.

आकडा तसा सोपा आहे. कच्चा पांढरा तांदूळ एका लिटरच्या भांड्यात साडेसातशे ते साडेआठशे ग्रॅम मावतो. आठशे धरला की घरगुती कामाला पुरे. त्या हिशेबाने दोनशे मिलिलिटरच्या वाटीत १६० ग्रॅम, दीडशेच्या वाटीत १२० ग्रॅम, अडीचशेच्या पेल्यात २०० ग्रॅम. उलटे पाहिले तर एक किलो तांदूळ म्हणजे सव्वा लिटर. तांदळाचा दाणा पाण्यात बुडतो, म्हणजे तो पाण्याहून जड; तरीही वाटीभर तांदूळ वाटीभर पाण्यापेक्षा हलका भरतो, कारण वाटीतली चाळीस-पंचेचाळीस टक्के जागा दाण्यांच्या फटींतल्या हवेने व्यापलेली असते. लांब दाणा आडवा-तिडवा पडून जास्त फट सोडतो, आखूड दाणा दाटीने बसतो. तांदळाचेच रूप बदलले तर हा हिशेब पार उलटतो. त्याच वाटीत पोहे तांदळाच्या निम्म्याहून कमी वजनाचे भरतात आणि कुरमुरे पंचवीस ग्रॅमच्या आतच राहतात. पेणचे पोहे आणि पापड ज्यांच्या घरी वर्षभर येतात, त्यांना हा फरक हाताने कळतो, आकड्याने क्वचित.

आता चूक नेमकी कुठे होते ते पाहिले, तर एक गोष्ट लक्षात येते. भात बिघडला की पहिला संशय जातीवर घेतला जातो: कोलम होता, बासमती होता, या वेळी दुकानदाराने वेगळाच दिला. पण जातीजातींत वाटीभर तांदळाच्या वजनाचा फरक दहा टक्क्यांच्या घरातला आहे. वाट्यांमधला फरक त्याहून कितीतरी मोठा. ताटात आमटीसाठी ठेवायची लहान वाटी सव्वाशे मिलिलिटरची, तर मांडणीवरची मोठी वाटी अडीचशेची असू शकते. पाककृतीत दोघींचे नाव एकच, आणि तांदूळ थेट दुप्पट.

त्याखालोखाल नंबर शिगेचा. माप काठाशी सपाट केले की शीग लावून भरले, यावर किती फरक पडतो हे गणिताने सांगता येते. ओतलेल्या तांदळाचा ढीग साधारण तीस-पस्तीस अंशांच्या उताराने थांबतो. जितकी उंची तितकाच व्यास असलेल्या उभट मापावर ही शीग नवव्या-दहाव्या हिश्श्याची भर घालते. माप पसरट असेल आणि उंची व्यासाच्या निम्मी असेल, तर भर पाचव्या हिश्श्याच्या आसपास. घरातली वाटी बहुधा पसरटच असते. तिच्यावर शीग चढली, की पाचव्या हिश्श्याने तांदूळ वाढतो आणि पाणी मात्र काठापर्यंतच राहते, कारण पाण्याला शीग लागत नाही. भात टणक का राहिला याचे उत्तर पुष्कळदा एवढेच असते.

शिगेचा हा हिशेब या जिल्ह्यात एके काळी पोटाचा प्रश्न होता. १ जानेवारी १९८१ रोजी रायगड हे नाव मिळण्यापूर्वी जिल्हा कुलाबा म्हणून ओळखला जाई आणि भात हे त्याचे मुख्य पीक. धान्य तोलले जात नव्हते, मापले जात होते. चिपटे, मापटे, शेर, अधोली, पायली, मण, खंडी अशी चढती भाजणी. दोन शेरांची अधोली, चार शेरांची पायली, वीस मणांची खंडी हे कोष्टक बहुतेक ठिकाणी सारखे. पण मण कुठे बारा पायल्यांचा, कुठे सोळा पायल्यांचा. शिवाय शेर दोन प्रकारचे: एक भांड्याचा, दुसरा तोळ्यांवर तोललेला. ऐंशी तोळ्यांचा वजनी शेर ९३३ ग्रॅमचा. मापी शेरात किती वजन मावेल हे त्यात तांदूळ आहे, भात आहे की नाचणी, यावर अवलंबून. टरफलासकट भात तांदळापेक्षा बराच हलका भरतो, लिटरला सहाशे ग्रॅमच्या आतबाहेर, आणि गिरणीतून त्याच्या वजनाचा दोन-तृतीयांश तांदूळ निघतो. हे दोन्ही आकडे एकत्र धरले, तर पायलीभर भाताचा सडून अर्ध्या पायलीच्या आसपासच तांदूळ होतो.

पेणला लागून असलेल्या अलिबाग तालुक्यात चरी गावच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतीविरुद्ध संप केला. १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे पंचवीस गावांच्या कुळांनी जमिनी पड ठेवल्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले. त्या लढ्याची मुळे जमिनीच्या हक्कात होती, मापात नव्हती. तरी खंड भाताच्या रूपात आणि खंडीच्या हिशेबात देणाऱ्या कुळाच्या जागी उभे राहून पाहिले, तर माप कोणाचे आणि ते सपाट की शिगेचे, या प्रश्नाचे वजन कळते. खंडीमागे नववा हिस्सा जास्त गेला, तर पावसाळ्याच्या तोंडाशी त्या घरात नेमका तेवढाच दाणा कमी असणार.

म्हणूनच १९५६चा वजन-मापांचा कायदा आणि १९५८च्या ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्याने आलेली दशमान पद्धत ही कोरडी सरकारी सुधारणा नव्हती. व्यवहारातले धान्य भांड्यातून काट्यावर गेले आणि शीग, भांड्याचा आकार, मापणाऱ्याच्या हाताचा झटका या सगळ्यांची सत्ता संपली. आज पाकिटावर निव्वळ वजन छापावेच लागते, ते याच वाटेने. व्यवहारात पायली मागे पडली, घरात मात्र मापाची जागा अढळ राहिली. नवी सून उंबरठ्यावर ओलांडते ते तांदळाने भरलेले मापच, आणि खळ्यावर पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणण्याची रीत जुन्या माणसांच्या तोंडी अजून आहे.

मग आजीचा भात वाटी-ग्रॅमच्या या फंदात न पडता चांगला कसा व्हायचा? ती भात वेळत असे. आधण भरपूर ठेवायचे, तांदूळ वैरायचे, दाणा शिजला की जास्तीचे पाणी काढून टाकायचे. ती पेज कोणाच्या तरी पोटात जायची. पाणी मोजून घालायची गरजच नव्हती, कारण चूक निवळून काढता येत होती. १९५९मध्ये हॉकिन्स आणि प्रेस्टीज या नावांचे प्रेशर कुकर भारतात आले आणि झाकण बंद झाल्यावर चूक सुधारण्याची वाटही बंद झाली. तेव्हापासून तांदूळ आणि पाणी यांचे प्रमाण आधीच ठरवावे लागू लागले. १९७०मध्ये आलेल्या कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याचे प्रमाण घरोघरी रुजवले. नव्याने संसार मांडणाऱ्या लाखो मुलींवर या पुस्तकाचे उपकार आहेत. वाटीने सांगितलेले प्रमाण टिकते, कारण ते गुणोत्तर असते: एकाच वाटीने तांदूळ आणि पाणी दोन्ही घेतले, तर वाटी लहान असो वा मोठी, भात तसाच होतो. ही वाटीची खरी ताकद. एक बाजू वाटीने आणि दुसरी काट्याने घेतली, की ती ताकद जाते. एकास दोन हे मापाचे प्रमाण वजनात एकास अडीच होते: १६० ग्रॅम तांदूळ, ४०० ग्रॅम पाणी. हे ठाऊक नसताना ‘तांदळाच्या दुप्पट पाणी’ काट्यावर मोजले, तर पाणी पाचव्या हिश्श्याने कमी पडते.

मोठ्या स्वयंपाकात गुणोत्तरसुद्धा तसेच्या तसे वाढवता येत नाही. शिजताना तांदूळ मापाच्या सव्वा ते दीडपट पाणी पितो. उरलेले वाफ होऊन उडते. वाफ किती उडणार हे टोपाच्या तोंडावर, झाकणावर आणि वेळेवर ठरते, तांदळाच्या वजनावर नव्हे. एका वाटीला दोन वाट्या पाणी चालते म्हणून पाच किलोला, म्हणजे सव्वासहा लिटर तांदळाला, साडेबारा लिटर पाणी उघड्या टोपात ओतले तर तळाला गिच्च गोळा होणार. जाणता आचारी पाणी कमी धरतो, बाजूला आधण उकळते ठेवतो आणि लागेल तसे घालतो. किलोमागे आठ ते दहा माणसे हा त्याचा ठोकताळा मात्र वजनाचा असतो, कारण पोत्यावर लिहिलेले असते ते वजन. मूर्तीच्या घाईच्या दिवसांत ज्या घराला आपल्या माणसांबरोबर कारागिरांचाही भात टाकावा लागतो, तिथे किलोची भाषा आणि टोपाची भाषा दोन्ही याव्या लागतात: दोन किलो तांदूळ म्हणजे अडीच लिटर, शिजल्यावर पाच ते साडेपाच किलो भात, आणि त्यासाठी टोप निदान दहा लिटरचा हवा, म्हणजे वर उकळीला जागा राहते.

हा प्रश्न एका घरापुरता नाही, हे रेशनच्या आकड्यावरून दिसते. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबातल्या माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळते. ते सगळे तांदूळ असले असे धरू. तीस दिवसांनी भागले तर दिवसाला १६६ ग्रॅम. दोनशे मिलिलिटरची वाटी, सपाट भरलेली, फार तर चार दाणे वर. म्हणजे दोन वेळच्या जेवणाला, आणि भाकरीही तांदळाचीच असणाऱ्या या मुलखात, माणशी दिवसाला एक वाटी. कायद्यातला किलो वाटीत ओतला, की मगच तो पुरतो की नाही हे उमगते. धोरण ठरवणाऱ्यांनी हे रूपांतर एकदा स्वतःच्या हाताने करून पाहायला हवे.

शाळेतल्या पोषण आहाराचेही तसेच. पहिली ते पाचवीच्या मुलामागे १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलामागे १५० ग्रॅम कच्चे धान्य, असे प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजनेचे प्रमाण आहे. लहान वर्गांची ऐंशी मुले हजर असतील, तर आठ किलो, म्हणजे बरोबर दहा लिटर. ज्या शाळेत शिजवणाऱ्या ताईंना रोज काटा काढून तोलणे जमत नाही, तिथे एका डब्यावर ‘दहा मुले’, ‘वीस मुले’ अशा रेघा एकदा तोलून कायमच्या आखून द्याव्यात. खर्च जवळजवळ शून्य आणि मुलाच्या ताटातला भात हजेरीप्रमाणे. ग्रामपंचायती आणि शाळा व्यवस्थापन समित्यांनी हे काम या सत्रातच करावे.

मधुमेह्याच्या ताटाबाबत तर हयगय परवडणारी नाही. ‘शंभर ग्रॅम भात’ असे सल्ल्याच्या कागदावर लिहिलेले असते. तो कच्चा की शिजलेला? शंभर ग्रॅम कच्च्या तांदळात सुमारे ३५० कॅलरी असतात आणि शिजून तो अडीचशे ते पावणेतीनशे ग्रॅम होतो. शंभर ग्रॅम शिजलेल्या भातात सुमारे १३० कॅलरी. एका शब्दाअभावी पथ्य अडीचपटीने चुकते. सल्ला देणाऱ्याने ‘कच्चे तांदूळ’ किंवा ‘शिजलेला भात’ हे लिहिलेच पाहिजे आणि जमल्यास रुग्णाच्याच वाटीत दाखवले पाहिजे. घेणाऱ्यानेही विचारल्याशिवाय उठू नये.

परदेशी स्थायिक झालेल्या मराठी घरांत हा गुंता आणखी एका भांड्याने वाढतो. अमेरिकेतला कप सुमारे २४० मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियातला अडीचशेचा, आणि विजेच्या भातकुकरसोबत मिळणारा प्लास्टिकचा कप बहुधा १८० मिलिलिटरचा. हा १८०चा आकडा जपानच्या ‘गो’ या जुन्या मापाचा. त्यात दीडशे ग्रॅम तांदूळ मावतो. दशमान पद्धत स्वीकारूनही जपानने भातासाठी आपले माप सोडले नाही, फक्त त्याचे मिलिलिटर पक्के केले, आणि कुकरच्या आतल्या पाण्याच्या रेघा त्याच कपाशी जुळवल्या. तो कप हरवला म्हणून अमेरिकी कपाने तांदूळ घालून आतल्या रेघेपर्यंत पाणी भरले, तर तांदूळ तिसऱ्या हिश्श्याने जास्त आणि पाणी तेवढेच. भात कच्चट राहणारच. मराठी वाटीला असे पक्के माप आजवर कोणी दिले नाही. पाककृती लिहिणाऱ्यांनी आणि मराठी मासिकांनी ठरवून हे करावे: वाटी म्हणजे २०० मिलिलिटर, आणि कंसात ग्रॅम. ‘रुचिरा’च्या परंपरेला याने धक्का लागत नाही, उलट ती आजच्या स्वयंपाकघरात नीट उतरते.

विकणाऱ्यांकडूनही थोडी अपेक्षा आहे. कर्जतच्या संशोधन केंद्राने जाड आखूड दाण्याची कर्जत-३ आणि लांब बारीक दाण्याची कर्जत-७ अशा निरनिराळ्या जाती दिल्या. पनवेलच्या खारजमीन केंद्राने पेणच्या खारेपाटासारख्या मिठाच्या जमिनीत तग धरणाऱ्या पनवेल जाती दिल्या. दाणा वेगळा, तसे त्याचे पाणी वेगळे, आणि दिवाळीच्या आगेमागे निघालेला नवा तांदूळ जुन्यापेक्षा कमी पाणी मागतो. रायगडचा तांदूळ, पिठी, पोहे पाकिटात भरणाऱ्या बचत गटांनी आणि गिरण्यांनी निव्वळ वजनाखाली आणखी एक ओळ छापावी: दोनशे मिलिलिटरची सपाट वाटी म्हणजे इतके ग्रॅम, पाणी इतके. ज्याने तांदूळ पिकवला आणि सडला, त्याच्याइतके हे दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार नाही. मोठ्या कंपन्यांच्या पाकिटांशी स्पर्धा करताना ही एक ओळ गिऱ्हाईक जोडून देईल.

घरात मात्र कोणाची वाट पाहायला नको. काटा असेल तर नेहमीची वाटी त्यावर ठेवून आकडा शून्यावर आणावा, ती काठोकाठ पाण्याने भरावी. जितके ग्रॅम तितके मिलिलिटर. मग कोरड्या वाटीत तांदूळ ओतून बोटाने सपाट करावा आणि तोलावा. काटा नसेल तर एक किलोचे न फोडलेले पाकीट पुरे: ते त्याच वाटीने सपाट मापून डब्यात ओतावे आणि वाट्या मोजाव्यात. सहा वाट्या आणि वर थोडा उरला, तर वाटी दोनशे मिलिलिटरची आहे. आठ भरल्या, तर वाटीत सव्वाशे ग्रॅम मावतो. आलेला आकडा डब्याच्या झाकणावर लिहून ठेवावा, आणि तांदळाची जात बदलली की पुन्हा मोजावा. पाच मिनिटांचे काम आहे. पुढचे पाकीट फोडाल तेव्हाच करून टाका.